माशाला न चालणारं पाणी

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात नोकरीला आहे. शहरातल्या कुठल्याही नळाला गढूळ, पिवळं किंवा वासाचं पाणी आलं की लोक अर्ज करतात आणि तो अर्ज माझ्या टेबलावर येऊन पडतो. मी नमुना मागवतो, प्रयोगशाळेत पाठवतो आणि अर्जदाराला कळवतो की 'सदर पाणी पिण्यास योग्य आहे'. हे वाक्य मी इतक्या वेळा सही करून दिलंय की झोपेतून उठवून कोणी माझं नाव विचारलं तरी आधी तेच तोंडातून बाहेर पडेल. आणि मी ते नुसतं लिहीत नाही, ते पाणी मी पितो. आमच्या घरात फिल्टर नाही. खात्याच्या माणसाने घरात फिल्टर लावणं म्हणजे आचाऱ्याने स्वतःसाठी बाहेरून डबा मागवणं. अशा माणसाचा अंगठ्याएवढ्या माशाने पाणउतारा करावा, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

झालं असं की दिवाणखान्यात खिडकीखालचं जुनं कपाट आम्ही मोडीत काढलं आणि तिथे जागा मोकळी झाली. बायको म्हणाली, तिथे एखादी कुंडी ठेवू. मी 'बरं' म्हणालो असतो तर ही कथा इथेच संपली असती. पण मी म्हणालो, "मासे ठेवू."

"ठेवा की. ताईकडे आहेत ना, सोनेरी. एक काचेचं भांडं आणि चिमूटभर खाणं. काही त्रास नाही."

हेच मला लागलं. जे माझ्या साडूकडे आहे तेच आपल्याकडे, आणि तेही त्याच्यानंतर! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपण खाऱ्या पाण्यातले ठेवू. खडक, प्रवाळ, समुद्रातले मासे. घरात छोटा समुद्रच करू."

"आणि तो सांभाळणार कोण?"

"मी."

माळ्यावरच्या दुर्बिणीच्या खोक्याकडे तिने फक्त एकदा पाहिलं. त्या दुर्बिणीतून मी एकदाच चंद्र पाहिला होता आणि तोही समोरच्या गच्चीवरचा दिवा निघाला होता. पण असल्या जुन्या गोष्टी उकरून काढण्यात अर्थ नसतो.

माशांच्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दर्यासारंग म्हणतो. त्याने समुद्र कधी पाहिला असेल की नाही देव जाणे, पण बोलतो असा की जणू सकाळीच दोन जहाजं बंदरात लावून आला. त्याने मला काचेची टाकी दिली, पांढरी वाळू दिली, पाणी हलतं ठेवणारा पंप, हीटर, निळा-पांढरा दिवा आणि दगड दिले. दगड वजनावर मिळतात. आयुष्यात पहिल्यांदाच मी घासाघीस करून दगड विकत घेतले. एक दगड परत देताना 'हा जरा जून वाटतोय' असंही मी म्हणालो, आणि त्याने तो मुकाट्याने बदलून दिला. शेवटी त्याने मिठाची भलीमोठी पिशवी काढली. ही पिशवी घरी नेल्यावर बायकोने विचारलं, "मीठ? आपल्या डब्यात काय आहे मग?"

"ते साधं मीठ. हे समुद्राचं."

"आणि आपलं काय डोंगरावर पिकतं?"

पण हे घरी गेल्यावर झालं. त्याआधी दुकानात जे झालं ते गंभीर होतं. पिशवीचं तोंड बांधता बांधता दर्यासारंगने सहज विचारलं, "पाणी कुठलं घालणार?"

"कुठलं म्हणजे? नळाचं."

त्याने पिशवी खाली ठेवली. "नळाचं नको साहेब. बिलकुल नको. शुद्ध पाण्याचे जार मिळतात ना, ते आणा आणि त्यात हे मीठ कालवा. नळाच्या पाण्यात काय काय असतं."

"मी पाणीपुरवठा खात्यात आहे," मी म्हणालो.

"अरे वा! मग तुम्हाला मी काय सांगणार. तुम्हाला तर आतलंच ठाऊक असेल."

मी त्याला समजावून सांगितलं की आतलं असं काही नसतं. लाखो लोक हे पाणी पितात आणि धडधाकट आहेत. तर म्हणतो, "माणसाला चालतं हो. माणूस काहीही पचवतो. हे जीव नाजूक असतात. नळाच्या पाण्यात जे क्षार असतात ते माणसाला काही करत नाहीत, पण शेवाळाला पोसतात." म्हणजे बघा, ज्या पाण्याच्या शुद्धतेवर माझी सही असते ते या माणसाच्या मते शेवाळाचा खुराक! मी पैसे चुकते केले, दगड उचलले आणि ताठ मानेने बाहेर पडलो. दगड जड असल्यामुळे ताठ मान फार वेळ टिकली नाही.

घरी येऊन मी टाकी नळाच्या पाण्याने भरली. मुद्दाम, तोटी पूर्ण सोडून.

मीठ कालवण्यासाठी स्वयंपाकघरातली यच्चयावत भांडी लागली. बादल्या, पातेली, डबे, सगळ्यांत समुद्र मुरत होता. आधी काही आठवडे टाकीत नुसतं पाणी आणि दगड ठेवायचे असतात. पाणी जुनं झाल्याशिवाय मासा सोडायचा नाही, असा नियम आहे. तो नियम मला ठाऊक होता, इमारतीला ठाऊक नव्हता. रोज कोणी ना कोणी मासे बघायला यायचं.

"मासे कुठायत?"

"अजून यायचेत."

"मग हे काय आहे?"

"पाणी आणि दगड."

"छान आहेत," असं म्हणून लोक चहा पिऊन जायचे. समोरच्या काकूंनी प्लास्टिकचे मासे आणायचा सल्ला दिला, 'मरत नाहीत आणि धुताही येतात'. वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने सांगितलं की पाण्यात नाणं टाकावं. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. इमारतीच्या सेक्रेटरीने येऊन टाकीचं वजन विचारलं आणि समुद्र ठेवायला समितीची परवानगी घेतली आहे का, अशी पृच्छा केली. परवानगीसाठी 'समुद्र' असं सदर नव्हतं, म्हणून मला पाळीव प्राण्यांच्या सदरात बसवण्यात आलं. त्यात 'लसीकरण झाले आहे काय' असा प्रश्न होता. मी 'समुद्राला होत नाही' असं लिहिलं, तर उद्धट उत्तर म्हणून अर्ज परत आला. अर्जाला उद्धट उत्तर देऊ नये हे मी स्वतः शेकडो लोकांना कळवलेलं आहे, त्यामुळे गप्प बसलो.

या सगळ्यांत एक माणूस मात्र नुसता बघून जायचा, काही बोलायचा नाही. ते म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे फिर्यादी. त्यांना सगळी इमारत याच नावाने ओळखते. ते वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि एका खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्या खात्याचं काही म्हणजे काही चांगलं दिसत नाही. गेली कित्येक वर्षं ते पाण्याविषयी तक्रार करतात. अर्ज ते खाली बसून लिहितात, मी त्याला कचेरीत उत्तर देतो आणि संध्याकाळी जिन्यात आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. मला ते पाण्यात पाहतात, पण सभ्यपणे.

अखेर मासा आला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, आणि चेहऱ्यावर सदोदित आश्चर्य. त्याच्यासोबत एक प्रवाळ आणला, बटणांएवढ्या हिरव्या तोंडांचा. कुंडी हवी म्हणणाऱ्या बायकोने माशाचं नाव राजा ठेवलं आणि त्याच्याशी बोलायला लागली. "जेवलास का रे?" ती त्याला विचारायची. इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या मऊ आवाजात मला कोणी विचारलेला नाही. पण मी दुर्लक्ष केलं.

आणि मग शेवाळ आलं. आधी तपकिरी, धुळीसारखं. मी म्हणालो, नवीन घराला रंग बसतोय. मग हिरवं, केसाळ. दगडांना दाढ्या आल्या. प्रवाळाने सगळी तोंडं मिटून घेतली आणि राजा एका कोपऱ्यात, अगदी वरच्या पाण्यात, आ वासून उभा राहायला लागला. मी दगड बाहेर काढून दात घासायच्या ब्रशने घासले. शेवाळ पुन्हा आलं. मी पाणी बदललं, ताजं, नळाचं. शेवाळ दुप्पट जोमाने आलं. आमच्या खात्याच्या पाण्यावर इतकं मनापासून प्रेम करणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

मी बाटलीत घरच्या नळाचं पाणी भरून कचेरीतल्या प्रयोगशाळेत नेलं. केमिस्टबाईंनी तपासून सांगितलं, "उत्तम आहे. काही दोष नाही." मी तो अहवाल दर्यासारंगच्या गल्ल्यावर ठेवला. त्याने तो नीट वाचला आणि घडी घालून परत दिला. "शेवाळाचंही हेच मत दिसतंय," तो म्हणाला.

घरी बायको टाकीसमोर बसून होती. "अहो, हा खातच नाहीये आज." तिचा आवाज वेगळाच येत होता. "तुमच्या खात्याची अब्रू मोठी की याचा जीव मोठा, ते एकदा ठरवा."

मी चहा होईपर्यंत विचार केला. खोटं कशाला सांगू, चहा गार होईपर्यंत केला. मग चप्पल घातली आणि जार आणायला गेलो.

आता खात्याचा माणूस विकतचं पाणी घेऊन भर रस्त्याने येणार कसा? मी घरून चादर नेली होती. जार चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतला, तर तो आजारी मुलासारखा दिसायला लागला आणि वाटेत दोघांनी 'काय झालं हो' म्हणून विचारलं. इमारतीत आलो तर लिफ्ट बंद. जिना चढत असताना दुसऱ्या मजल्यावर चादर सुटली, आणि दार उघडून बाहेर कोण यावं? फिर्यादी.

त्यांनी जारकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा जारकडे.

"पाणी?" त्यांनी विचारलं.

"पाणी."

"बाहेरचं?"

"पिण्यासाठी नाही," मी घाईने म्हणालो. "माशासाठी आहे."

"का? माशाला नळाचं चालत नाही?"

"नाही. त्याने मासा मरतो."

हे वाक्य बोलून झालं आणि मला कळलं की आपण काय बोललो. फिर्यादींचा चेहरा उजळला. इतकी वर्षं अर्ज करून जे मिळालं नव्हतं, ते त्यांना जिन्यात आयतं मिळालं.

"म्हणजे, ज्याने मासा मरतो," ते एकेक शब्द चघळत म्हणाले, "ते आम्हाला पिण्यास योग्य आहे."

"अहो, तसं नाही. मासा नाजूक असतो. माणूस..."

"माणूस काय?"

"काहीही पचवतो," मी म्हणालो. दर्यासारंगचं वाक्य माझ्या तोंडात कसं आलं, मला माहीत नाही.

संध्याकाळी निम्मी इमारत माझ्या दिवाणखान्यात होती. सेक्रेटरी, काकू, शिंपी, आणि सर्वांच्या पुढे फिर्यादी. तोवर जारच्या पाण्याचा समुद्र टाकीत गेला होता आणि तो मेला राजा, मला म्हणायचंय तो भला राजा, इकडून तिकडे सुळसुळत होता. एवढी घाई त्याला कशाची होती? दोन दिवस कण्हला असता तर काय बिघडलं असतं! सगळे त्याच्याकडे बघत होते आणि मग माझ्याकडे बघत होते.

माझं रक्त उसळलं. "ऐका," मी म्हणालो. "मी या घरात रोज नळाचं पाणी पितो. आत्ता, तुमच्या सगळ्यांसमोर पितो."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावरचा स्टीलचा जग आणि पेला घेऊन आलो. आमचं पिण्याचं पाणी नेहमी त्यातच असतं. बायको दारातून माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती. नवऱ्याचा अभिमान वाटल्यावर बायका अशा बघत असाव्यात, असं मला वाटलं.

"अहो, तो जग..."

"थांब," मी म्हणालो. "आज मला अडवू नकोस." आणि पेला तोंडाला लावला.

पहिला घोट घेतला आणि आठवलं की जारच्या पाण्यात मीठ कालवायला घरातली सगळी भांडी घेतली होती आणि उरलेला समुद्र अजून त्यांतच आहे. जगही त्यांतलाच एक होता. आता थुंकावं तर खातं बुडालं. समोर निम्मी इमारत, तिच्यापुढे फिर्यादी, आणि माझ्या तोंडात समुद्र. मी पेला संपवला. सगळा.

"कसं आहे?" सेक्रेटरीने विचारलं.

"गोड," मी म्हणालो.

"मग डोळ्यांत पाणी का आलं?"

"अभिमानाने."

इथे थांबलं असतं तर मी जिंकलो होतो. पण फिर्यादींनी पुढे होऊन जग उचलला, स्वतःला पेलाभर ओतून घेतलं आणि घोट घेतला. गिळावं की नाही यावर त्यांच्या गालांत चर्चा चालू असावी. शेवटी ते रुमालात मोकळे झाले आणि ओरडले, "खारट! ढळढळीत खारट! आणि हा माणूस गोड म्हणतोय!"

मी सांगायला गेलो की ते नळाचं नव्हतं, माशाचं होतं. त्याने तर आगीत तेल पडलं. "म्हणजे नळाचं म्हणून आम्हाला जे दाखवलं, ते नळाचं नव्हतंच!" फिर्यादी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "बघा. खात्यात नमुने असेच तपासतात." काकूंनी चहासुद्धा घेतला नाही. न जाणो, कशाचा केला असेल, असं त्या जिन्यात म्हणाल्याचं मी स्वतः ऐकलं.

तक्रार अर्थातच आली, आणि अर्थातच माझ्याच टेबलावर आली. संबंधित कर्मचाऱ्याकडून अभिप्राय मागवावा असा नियम आहे. म्हणून मी माझ्याकडून अभिप्राय मागवला. मी तो वेळेत दिला, एवढं मी माझ्याविषयी सांगू शकतो. तो वाचून मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "वीस वर्षं लोकांना सांगताय पाणी चांगलं आहे, आणि स्वतः जार उचलता? खात्याचं तोंड काळं केलंत. मी स्वतः येतो पाहणीला. त्यानंतर हे टेबल तुमचं राहील की नाही, सांगत नाही."

त्या वाक्याने माझी झोप उडाली. टेबल काही सागवानी नाही, त्याचा एक पाय कागदाच्या घडीवर उभा आहे. पण त्या टेबलावरून मी आजवर एकही वाक्य खोटं लिहिलेलं नाही आणि हे कोणीतरी एकदा मान्य करावं एवढंच मला हवं होतं.

साहेब आले, सोबत केमिस्टबाई आल्या. तक्रारदार म्हणून फिर्यादी इस्त्रीचा सदरा घालून येऊन बसले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि छोटंसं भाषण केलं. खात्याचं पाणी, त्यावर जनतेचा विश्वास, आणि त्या विश्वासाला कर्मचाऱ्यांनीच लावलेला सुरुंग. त्यातलं अक्षर न् अक्षर मला पटत होतं. माझ्यावरच चाललं होतं, तरी मी मान डोलावत होतो.

मग मी उठलो. सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं, कोरडा पेला उलटा करून दाखवला, तोटी सोडली, पेला भरला आणि साहेबांसमोर नेऊन ठेवला. "घ्या साहेब. तुम्हीच सांगा."

साहेबांनी पेल्याकडे पाहिलं. "ठेवा, ठेवा. घेतो."

बराच वेळ गेला. ऊन खूप होतं, साहेब कपाळ पुसत होते. पण हात पेल्याकडे जाईना. मी पेला जरा पुढे सरकवला. "आत्ताच चहा झालाय," साहेब म्हणाले. मी केमिस्टबाईंकडे वळलो. त्यांनी पर्समधून स्वतःची बाटली काढली. "मला ना, घरच्या पाण्याची सवय आहे," त्या म्हणाल्या.

"घरी नळाचंच ना?"

"नळाचंच. पण मशीनमधून काढलेलं."

नुसता पंपाचा आवाज येत होता. साहेब उठून टाकीपाशी गेले आणि वाकून आत बघायला लागले. प्रवाळाची सगळी तोंडं उघडली होती, राजा दिमाखात फिरत होता. "वा," साहेब अगदी मनापासून म्हणाले. "काय नितळ पाणी आहे हो!"

टेबल माझंच राहिलं. 'तक्रारीत तथ्य आढळले नाही' असा शेरा साहेबांनी उभ्या उभ्या दिला. मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. केमिस्टबाई पुढे गेल्यावर साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला.

"तुमचा जारवाला नियमित देतो का हो? आमचा हल्ली फार खाडे करतो."

मी परत वर आलो तेव्हा मला पायऱ्या मोजून चढाव्याशा वाटत होत्या, म्हणजे डोक्यात दुसरं काही आलं नसतं. संताप कोणाचा करायचा तेच कळेना. इतकी वर्षं मी ज्या वाक्याखाली सही केली, ते सगळ्या खात्यात खरं मानणारा मी एकटाच होतो. तपासणारी बाईसुद्धा नाही. उत्तम आहे म्हणाली, आणि बाटली घरून आणते!

फिर्यादी अजून खुर्चीतच होते. पेला त्यांच्यासमोर तसाच भरलेला. त्यांनी सगळं पाहिलं होतं. आता हा माणूस मला सोडत नाही, असं मला वाटलं.

"तुम्ही खरंच नळाचं पिता?" त्यांनी विचारलं.

"जन्मभर."

"फिल्टर नाही?"

"शोधा," मी चिडून म्हणालो. "सापडला तर घेऊन जा."

त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा नजर टाकली. मग म्हणाले, "मीही नळाचंच पितो."

"तुम्ही?"

"मुलगा मशीन घेऊन आला होता. परत पाठवलं. एकदा मशीन लावलं की मग तक्रार करायला तोंड राहत नाही." त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली. "पाणी चांगलं यावं म्हणून अर्ज करतो मी. न प्यायचं असतं तर कशाला केले असते?"

राजा काचेला तोंड लावून आमच्या दोघांकडे बघत होता, चेहऱ्यावर तेच आश्चर्य.

फिर्यादींनी साहेबांचा पेला उचलला आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. पेला खाली ठेवला. तोंड वाकडं केलं.

"क्लोरीनचा वास येतोय."

"पिण्यास योग्य आहे," मी म्हणालो.

"ते मी कुठे नाही म्हणालो?" ते उठले आणि चपला शोधायला लागले. "अर्ज उद्या देतो."